यादीतलं आडनाव

त्यांनी तिथं घर बांधलं तेव्हा सगळ्यांत आधी नळ बसवला. भिंती नंतर, छप्पर त्याहून नंतर. नळ कायमचा उघडा होता आणि त्यातून निळं पाणी सारखं वाहत होतं. मी ते पाहिलं त्या दिवशी आमच्या खऱ्या नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते आणि गच्चीवरच्या टाकीत जेमतेम वीतभर पाणी उरलं होतं.

"बघा, वाळूज," ते म्हणाले, "चोवीस तास पाणी."

"बादली लावून बघितली का?"

"तिथं तसं नसतं," ते म्हणाले.

तिथं म्हणजे संगणकात. ते माझे घरमालक होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. सिडकोतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं दोन महिने भाड्यानं राहिलो. भाडेकरूला नावानं हाक मारायची नाही, तो जिथं कामाला जातो त्या गावाच्या नावानं मारायची, अशी त्यांची पद्धत होती. मी वाळूजच्या कारखान्यात होतो म्हणून मी वाळूज. मागच्या खोलीतला एकटा मुलगा पैठण रोडवरच्या कारखान्यात जायचा, तो चितेगाव. "चितेगाव, गाडी आत घ्या. वाळूज, मोटार बंद करा." माझ्या बायकोला ते वाळूजवहिनी म्हणत.

नावानं हाक मारत नसले तरी खोली देताना त्यांनी आडनाव तेवढं विचारलं होतं. मी सांगितलं. त्यावरून त्यांना अंदाज येईना म्हणून मूळ गाव विचारलं, मग वडील काय करतात ते विचारलं. मेंढरं होती, आता थोडी शेती आहे, असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. "नाही, सहज विचारलं," ते म्हणाले. "आपल्याला त्याचं काही नाही. नामांतरात आम्ही जेल बघितलंय."

विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाडा पेटला होता तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. त्यामुळे जेल बघितलेला माणूस म्हटल्यावर मला आदर वाटला. तो सहा-सात महिने टिकला.

सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. आलेलं पत्र नोंदवायचं, जाणारं पत्र नोंदवायचं. स्वतः लिहिलेलं पत्र त्यात एकही नाही. निवृत्त झाल्यावर नाशिकच्या मुलीनं जुना संगणक आणून दिला, ब्रॉडबँड जोडून दिलं, आणि कुणीतरी त्यांना त्या जगाचा पत्ता दिला. त्या जगात प्रत्येकानं आपलं एक चित्र करायचं असतं. त्याला उंची द्यायची, केस द्यायचे, कपडे घालायचे आणि मग त्या चित्राला चालवत न्यायचं. तिथं तुमच्यासारखीच जगभरची माणसं आपापली चित्रं घेऊन हिंडत असतात, एकमेकांशी टाइप करून बोलतात. त्या चित्राला अवतार म्हणतात.

यांच्या अवताराचं वय पंचविशीच्या आसपास, कुरळे केस, निळा कोट, खांदे रुंद. हे स्वतः बनियन आणि लुंगीत, खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसलेले, डोक्यावर मोजून काढता येतील एवढे केस. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून एकदा स्क्रीनकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघायच्या आणि परत जायच्या.

तिथं नाव आपल्या मनानं घेता यायचं, आडनाव मात्र एका यादीतून निवडायचं. यादीत सगळी परदेशी आडनावं. या गोष्टीचं त्यांना भारी कौतुक. "कुणी कुणाला विचारत नाही, वाळूज. यादीतलं आडनाव. ह्याला म्हणतात समता!" हे ते मला सांगत होते त्याच दुपारी, चितेगाव सोडून गेल्यावर रिकामी झालेली मागची खोली बघायला एक जोडपं आलं होतं. त्यांना यांनी काय विचारलं ते मी जिन्यातून ऐकलं. खोली त्या जोडप्याला मिळाली नाही.

तिथल्या घराचे त्यांचे नियम होते. पहिला म्हणजे आत येताना चपला बाहेर काढायच्या. त्यांनी स्वतःच्या अवताराचे बूट उंबऱ्याबाहेर काढले आणि ते कुठं गेले ते त्यांना परत सापडलं नाही. चार महिने तो निळ्या कोटातला तरुण अनवाणी हिंडत होता. पाहुणे आले की त्यांनाही ते टाइप करून सांगत, चपला काढा. कुणाला जमायचं, कुणाला नाही. दुबईच्या एका बाईचे सँडल काढताना पायच गेले म्हणतात. ती नंतर आली नाही.

त्या जगात मराठी माणसांचा एक कट्टा होता. दुबई, पुणे, अमेरिका, कुठकुठली माणसं तिथं रोज संध्याकाळी जमत. प्रत्यक्षात हा माणूस एकदा बोलायला लागला की समोरच्याला लघवीला जायची सोय ठेवत नसे. पण टाइप करायचे एका बोटानं. एक अक्षर शोधायला चार-पाच सेकंद. त्यामुळे कट्ट्यावर कुणी काही विचारलं की बराच वेळ शांतता, मग दोन किंवा तीन शब्द. "काळ कठीण होता." "बोलू नये." "आठवतं सगळं." लोकांना वाटायचं, काय वजनदार माणूस आहे. भारनियमनात वीज गेली की अवताराची मान खाली पडायची आणि तो तसाच बसून राहायचा. लोक म्हणायचे, जुन्या आठवणीत गेले असतील. त्या वेळी हे आमच्या ओट्यावर बसून डास मारत असायचे.

मी तपासणी विभागात काम करतो. शाफ्ट ठरल्यापेक्षा केसाच्या दहाव्या भागाएवढा कमी भरला तरी बाजूला काढायचा, हे माझं काम. माझ्या आज्याला अक्षर येत नव्हतं, पण संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना तो मोजायचा आणि एक कमी असलं तर न जेवता परत जायचा. मला हे रक्तातच आहे. त्यामुळे यांच्या गोष्टी मी ऐकून सोडून देऊ शकत नव्हतो. जेलची गोष्ट ते दर दोन महिन्यांनी सांगत. सत्याग्रहात पकडले गेले, अठरा दिवस आत होते, भात कच्चा मिळायचा. आणि मुलीच्या बारशाची गोष्टही तितक्याच हौसेनं सांगत. काकूंच्या माहेरी चाळीसगावला बारसं होतं, पाळणा मिळेना, मग स्वतः डोक्यावर पाळणा घेऊन स्टेशनपासून चालत आले. दोन्ही गोष्टी चांगल्या होत्या. फक्त दोन्ही एकाच वर्षातल्या, एकाच महिन्यातल्या होत्या, आणि बारशाचा दिवस त्या अठरा दिवसांच्या बरोबर मध्ये पडत होता.

मी एकदा हे त्यांना सरळ विचारलं.

"पॅरोल," ते म्हणाले.

"बारशासाठी?"

"तुम्ही फार मोजता बुवा. माणसानं इतकं मोजू नये."

माझा आदर संपला तो या दिवशी. त्यापुढे मी त्यांची मोटार बंद केली, टाकी भरली, पण त्यांचं ऐकलं नाही.

मग मिलिंद आला. आधी तिथंच आला, कट्ट्यावर. पुण्यात संगणकाचं काम करणारा तिशीच्या आतला माणूस, मूळचा गंगापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला. त्याचे थोरले काका नामांतराच्या सत्याग्रहात गावातल्या पोरांबरोबर जेलमध्ये गेले होते. त्याचा जन्म व्हायच्या आधीच ते वारले होते, विहीर खोदताना वरून दरड कोसळून. जेलबद्दल यांनी कट्ट्यावर टाइप केलं होतं, "गंगापूरची पोरं होती." त्यावर मिलिंदनं काकांचं नाव लिहून विचारलं, तुम्हाला आठवतात का?

तेव्हा मी पाण्याचं सांगायला आत गेलो होतो आणि त्यांच्या मागं उभा होतो. एक बोट कीबोर्डवर फिरत राहिलं. मला वाटलं, आता लिहितील, नाही आठवत. कुणालाही शोभलं असतं.

त्यांनी लिहिलं, "उंच होता."

"तुम्ही ओळखता त्यांना?" मी विचारलं.

"पोरगं आशेनं विचारतंय, वाळूज. नाही म्हणवत नाही."

"म्हणून उंच?"

"गंगापूरकडची माणसं उंचच असतात."

पुढचं मिलिंदनं लिहिलं ते मी वाचलं. गावातली बाकीची पोरं एका बराकीत होती, काकांना एकट्याला शहरातल्या लोकांबरोबर दुसऱ्या बराकीत टाकलं होतं. ते अठरा दिवस त्यांचे कसे गेले हे घरात कुणालाच ठाऊक नाही. आजी अजून आहे, ऐंशीच्या पुढं. तिला एवढंच ऐकायचं आहे. दुसऱ्या बराकीतला माणूस आज पहिल्यांदा सापडला. येत्या रविवारी मी आजीला घेऊन येतो. पत्ता यांनी कधीतरी मोठेपणानं देऊन ठेवलाच होता.

शनिवारी ते जिना चढून माझ्याकडे आले. चार वर्षांत दुसऱ्यांदा.

"उद्या ते लोक आले तर सांगा, मी नगरला गेलोय."

"मी नाही सांगणार. म्हाताऱ्या बाईला खरं सांगून टाका की."

"काय खरं? ती एवढ्या लांबून येणार आणि मी म्हणू, मी नव्हतो? तिला काय वाटेल?"

त्यांना तिची काळजी वाटत होती असं त्यांचं म्हणणं होतं. मी ते लिहून ठेवतो, मानत नाही.

रविवारी अकराला जीप आली. मिलिंदनं आजीला हात धरून उतरवलं. लहानखुरी बाई, पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. दारात तिनं चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या. मला काकूंनी बोलावून घेतलं होतं, एकटीनं कसं तोंड देऊ म्हणून. त्यांनी नवऱ्यानं पढवलेलं वाक्य म्हटलं, "हे नगरला गेलेत," आणि जमिनीकडे बघत राहिल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

मिलिंद म्हणाला, "थांबा, काकू, तिथं आहेत का बघतो." त्यानं लॅपटॉप काढला, नेट जोडलं. "हे काय, आहेत की! नगरहून बसलेले दिसतात."

स्क्रीनवर ते घर, तो वाहता नळ, आणि दारात निळ्या कोटातला तरुण. मिलिंदचा अवतार आत शिरला तशी आतल्या खोलीतून आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. टक. आणि स्क्रीनवर उमटलं, "चपला काढा."

मी अनेक प्रकारची माणसं पाहिली आहेत. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या बैठकीत बसलेल्या पाहुण्यांशी मधल्या दाराआडून परदेशातल्या यंत्रामार्फत बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

आजी वाकून स्क्रीनकडे बघत होती. "ह्यो कोन?"

"हेच ते, आजी. काकांबरोबर होते ते."

"ह्यो?" तिनं मिलिंदकडे बघितलं. "येडा झाला का रं? हे पोरगं हाय. माझं लेकरू असतं तर आता पन्नाशी गाठली असती. त्याच्या संगचा मानूस पंचवीस वर्साचा कसा राहील?"

"ते चित्र आहे, आजी. खरा माणूस दुसरीकडं आहे, तो टाइप करतोय."

टक. टक. टक. स्क्रीनवर आलं, "नमस्कार आई."

आजीनं मान वळवली. तिला वाचता येत नव्हतं, ऐकू मात्र चांगलं येत होतं. "आत कोन ठोकतंय?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. आजी उठली, भिंतीचा आधार घेत गेली आणि दार ढकललं.

ते बनियनवर होते. उठून उभे राहिले, लुंगी सावरली, आणि माझी अशी समजूत होती की आता तरी हा माणूस खरं बोलेल, कारण पळायला जागा उरली नव्हती. पण बाहेर येऊन, शर्ट घालून, खुर्चीत बसल्यावर त्यांना तोंड फुटलं. तिथं एक बोट होतं, इथं सबंध जीभ.

"आई, काय सांगू तुम्हाला! असा पोरगा मी बघितला नाही. उंचापुरा. सगळ्या बराकीला हसवायचा. संध्याकाळ झाली की गाणी म्हणायचा, खणखणीत आवाज! आम्ही सगळे भोवती बसायचो. शिपाईसुद्धा ऐकायचे. म्हणायचे, अरे, अजून एक म्हण."

मिलिंदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजी पिशवीवर हात ठेवून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "जेवायचा का?"

"पोटभर! माझ्या ताटातलं त्याला द्यायचो मी."

आजी म्हणाली, "माझं लेकरू तोतरं व्हतं, दादा."

ते खुर्चीत मागं सरकले.

"गानं कधी म्हनलं नाय त्यानं. एक सबुद निघाया घाम फुटायचा त्याला. आन् उंच नाय, माझ्याएवढाच." तिनं हातानं स्वतःच्या डोक्याची उंची दाखवली. "जेलातून आल्यावर सांगाया बसला व्हता एकदा. चुलीपुढं. त्याला बोलाया लई येळ लागायचा, आन् आमाला कुनालाच तेवढा येळ नव्हता. मी म्हनलं, उंद्या सांग. मग ऱ्हायलंच."

ते खाली बघत होते. आजीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग जे म्हणाली ते मी कधी विसरलो नाही. "लई दीस झाले. तुमी दुसऱ्या कुनाला तरी पाह्यलं असंल."

ती त्यांना वाट करून देत होती. ऐंशी ओलांडलेली बाई, दोन तासांचा प्रवास करून आलेली, आपलं सगळं गेलेलं असताना समोरच्याची लाज झाकत होती. त्या माणसात काडीचीही माणुसकी असती तर त्यानं तिचे पाय धरले असते.

"हो, हो," ते घाईनं म्हणाले. "दुसरा असेल! खूप जण होते हो. आता कुणाकुणाला लक्षात ठेवणार!"

काकू चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे स्टुलावर ठेवला. या बाईला मी चार वर्षांत नवऱ्यासमोर मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"हे नव्हतेच तिथं, आई," त्या म्हणाल्या. "दंगलीची भीती म्हणून घराला कुलूप लावून माझ्या माहेरी येऊन राहिले होते. तिथंच आमच्या मुलीचं बारसं झालं. जेल ह्यांनी आतून कधी बघितलं नाही."

मिलिंदनं लॅपटॉप मिटला. हे म्हणाले, "अगं, तुला काय कळतं," पण ते कुणाला ऐकू जावं असं म्हणाले नाहीत.

आजीनं कप हातात घेतला. "पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. नाशकात असते. दोन मुलं आहेत."

"बरं झालं," आजी म्हणाली आणि चहा सगळा प्यायली.

निघताना पिशवीतून एक फोटो अर्धा बाहेर आला होता. त्यांना दाखवायला आणला असावा. तिनं तो परत आत सारला. मी जीपपर्यंत सोडायला निघालो. दारात चपला घालता घालता तिनं मला विचारलं, "तुमी शेजारी का?"

"वर राहतो."

"तुमाला ठावं व्हतं?"

"दिवसांचा मेळ बसत नव्हता, एवढं ठाऊक होतं."

"मग सांगायचं ना, बाबा, आमच्या पोराला. आमी आलोच नसतो."

आकडे चुकलेले मी तीन वर्षांहून जास्त धरून ठेवले होते आणि वेळ आली तेव्हा ते कुणाला दाखवले नव्हते. कारखान्यात असं केलं असतं तर मला काढून टाकलं असतं.

मिलिंदनं कट्ट्यावर काय लिहिलं ते मला माहीत नाही. दोनच ओळी लिहिल्या म्हणे. पण पुढच्या रविवारी पाणी आल्याचं सांगायला मी खाली गेलो तेव्हा काकू ओट्यावर एकट्याच तांदूळ निवडत होत्या आणि ते आत संगणकापुढं बसले होते. मला वाटलं होतं, यंत्र गुंडाळून ठेवलं असेल. निदान आठ दिवस तरी.

"जुनं सगळं बंद केलं, वाळूज," मान न वळवता ते म्हणाले. "लोक फार बोलायला लागले. तिथं बरं असतं. नवं नाव घेतलं की मागचं काही राहत नाही."

त्यांनी नवा फॉर्म उघडला होता. मी सवयीनं घड्याळात पाहिलं. त्यांनी नाव लिहिलं. मग यादी उघडली आणि आडनावांवरून बोट खाली खाली नेत राहिले. एक निवडलं, नको वाटलं, दुसरं घेतलं. केस या खेपेला सरळ, कोट करडा. मग एक नवा कोरा तरुण कुठल्याशा हिरवळीवर उभा राहिला, बूट घातलेला. कुणीतरी जवळ आलं आणि विचारलं, तुम्ही कुठले? यांनी बोट उचललं.

ते काय टाइप करणार हे बघायला मी थांबलो नाही. पाणी पाऊण तास टिकायचं आणि मोटार लावायची होती. पण घड्याळ मी पाहिलं होतं. फॉर्म उघडल्यापासून नवा माणूस उभा राहीपर्यंत चार मिनिटं लागली, त्यातलं एक मिनिट आडनाव निवडण्यात गेलं. एका विद्यापीठाचं नाव बदलायला इथल्या माणसांना सुमारे सोळा वर्षं लागली होती. त्यातले अठरा दिवस एका तोतऱ्या पोराचे होते आणि ते कसे गेले, हे त्याच्या आईला कुणीच सांगितलं नाही.